कच्चं खाली, शिजलेलं वर

रत्नप्रभा परब सोहोन्यांच्या दारात आली की आधी हात पुढे करायची. अकरा वर्षांची सवय होती ती. वसुधाकाकू काही ते हात हुंगायच्या नाहीत, तेवढ्या त्या सभ्य होत्या. पण दाराच्या आत उभ्या राहून इतका खोल श्वास घ्यायच्या, की त्यापेक्षा हुंगलेलं परवडलं. मग विचारायच्या, "आज काय खाऊन आलीस?"

"पेज, काकू."

"आणि काल रात्री?"

"काल बुधवार होता."

"म्हणजे?"

"म्हणजे बांगडे."

"मग जा, आधी कोपरापर्यंत हात धू. लिंबू चोळ. आणि कणकेला हात लावण्याआधी पुन्हा धू."

नियम साधा होता. रत्नप्रभाने मासे खावेत, त्याला काकूंची हरकत नव्हती. त्या जुन्या वळणाच्या होत्या, पण कोत्या मनाच्या नव्हत्या, असं त्या स्वतःच सांगत. फक्त सकाळी खाऊ नयेत, डब्यात आणू नयेत, आणि खाल्ल्याचं कोणाला कळू नये. एकदा रत्नप्रभाने पिशवीत सोडे घेतले होते, संध्याकाळी मुलीकडे मुलुंडला द्यायला. चार प्लास्टिकच्या पिशव्या, वर वर्तमानपत्र, त्यावर गाठ. काकूंनी दिवाणखान्यातून विचारलं, "रत्नप्रभा, काहीतरी मेलंय का गं?"

तेव्हापासून पिशवी खाली वॉचमनच्या केबिनमध्ये राहायची.

बाकी त्या स्वयंपाकघरावर राज्य रत्नप्रभाचंच होतं. विलेपार्ल्यातली जुनी तीनमजली इमारत पाडून तिथे चौदा मजले उभे राहिले, त्यात सोहोन्यांना मोठं स्वयंपाकघर मिळालं, आणि ते पहिल्या दिवसापासून तिने लावलं. डाळी कुठे, पीठं कुठे, कुठल्या कढईला तूप लागतं आणि कुठलीला शिव्या, हे फक्त तिला ठाऊक. सोहोन्यांकडचे उकडीचे मोदक पार्ल्यात नावाजलेले होते. "काकू, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" असं पाहुणे म्हणत, आणि काकू "असू दे, असू दे" म्हणून ते स्वतःकडे ठेवून घेत. रत्नप्रभाला त्याचं काही वाटत नसे. दहिसरला नदीकाठच्या चाळीत तिचं स्वतःचं स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि अर्धी खिडकी. सासरे गिरणीत होते, गिरणी गेली. नवरा धाकू बोरिवलीच्या एका सोसायटीत दिवसपाळीचा रखवालदार. चार शेगड्या, रुंद ओटा आणि पाय न आखडता उभं राहण्याची जागा तिला आयुष्यात एकदाच मिळाली होती, ती इथे. आणि वय त्रेपन्न. आता नवी घरं पास्ता येतो का विचारतात. हे काम सुटलं तर दुसरं मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काकूंच्या एका गोष्टीचा मात्र तिला मनापासून आदर होता. वर्षातून दोनदा, सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या श्राद्धाला, काकू सोवळ्यात स्वयंपाक करीत. त्या दिवशी रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारातल्या संगमरवरी पट्टीबाहेर पाटावर बसून मीठ किती, गूळ किती ते सांगायची. एका वर्षी सगळा स्वयंपाक होत आला असताना काकूंच्या लुगड्याचा काठ दारात अडकवलेल्या दुधाच्या पिशवीला लागला. कोणी पाहिलं नव्हतं. रत्नप्रभासुद्धा तेव्हा गुळाकडे बघत होती. पण काकूंनी पळी खाली ठेवली. "शिवलं," त्या म्हणाल्या. पुन्हा आंघोळ, पुन्हा पहिल्यापासून पुरण. गुरुजी तासभर ताटकळले.

"काकू, कोणी बघितलं नव्हतं," रत्नप्रभा म्हणाली होती.

"शिवलं तर ज्याला शिवलं त्यानेच सांगायचं असतं. दुसऱ्याने बघायची वाट बघितली तर मग सोवळं कशाला?"

त्या पट्टीच्या बाहेर तीन वर्षांपूर्वी आणखी एक जण येऊन बसला. अनय आणि गंधाली, म्हणजे काकूंचा मुलगा आणि सून, यांनी गोल्डन रिट्रीव्हर आणला. गंधालीने त्याचं नाव ओजस ठेवलं. तिला काहीतरी संस्कृत आणि एनर्जीवालं हवं होतं. रत्नप्रभा त्याला ओज्या म्हणायची. काकूंनी महिनाभर अबोला धरला, मग स्वयंपाकघरात यायचं नाही या अटीवर तह केला. कुत्रा हुशार. संगमरवरी पट्टीच्या बरोबर अलीकडे पंजे टेकून तो बसायचा, नखसुद्धा पलीकडे जाऊ द्यायचा नाही. घरात काकूंचे नियम इतके तंतोतंत पाळणारा तो एकटाच.

यंदाच्या श्रावणात ओजसला खाज सुटली. कान लाल, पोटावरचे केस गेलेले, दिवसभर सोफ्याला अंग घासणं. डॉक्टर प्रांजल सावे चौकातच दवाखाना चालवायची. वयाने लहान, बोलायला सडेतोड.

"खाण्याची ॲलर्जी दिसतेय. आजपर्यंत याने कुठलं कुठलं मांस खाल्लंय?"

"फक्त चिकन," गंधाली म्हणाली. "ऑरगॅनिक. पाकिटातलं."

"आणि मटण," अनय हळूच म्हणाला.

"मटण? कधी?"

"कधीकधी. ऑफिसमधून येताना. त्याला आवडतं म्हणून."

गंधालीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की मटण नक्की कोणाला आवडतं ते दवाखान्यातल्या मांजरालासुद्धा कळलं.

"म्हणजे चिकन बाद, मटण बाद," प्रांजल म्हणाली. "आठ आठवडे त्याने कधीच खाल्लेलं नाही असं एकच मांस द्यायचं, दुसरं काही नाही. मासे?"

"नाही नाही!" दोघं एकदम म्हणाले. "बिल्डिंगमध्ये वास येतो."

"मग म्हशीचं."

अनयने दवाखान्याचं दार लागलंय का ते पाहिलं.

"गाईचं नाही म्हणतेय मी, त्याला बंदी आहे. म्हशीचं चालतं. परवाना असलेल्या दुकानातून, पावती घेऊन आणा. बिनहाडाचं, चरबी काढून, पाण्यात पूर्ण शिजवायचं. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नाही. सोबत उकडलेला लाल भोपळा, आणि ही कॅल्शियमची पावडर. नुसत्या मांसावर कुत्रा जगत नाही."

"शिजवायचं?" गंधालीचा चेहरा पडला. ती गेला महिनाभर 'आदिम आहार परिवार' नावाच्या ग्रुपवर होती. तिथे म्हणे सगळे कुत्रे कच्चं खात होते आणि सगळ्यांचे केस चमकत होते. "लांडगे कुठे शिजवतात?"

"लांडगे सोफ्यावर झोपत नाहीत. कच्च्या मांसात जंतू असतात, ते कुत्र्याच्या तोंडातून, भांड्यातून घरभर फिरतात. घरात म्हातारं माणूस आहे का?"

"सासूबाई. संधिवाताच्या गोळ्या चालू आहेत."

"मग तर नकोच. तरी हट्टच असेल तर कागदाच्या मागच्या बाजूला नियम लिहून देते. पण मी सांगितलं शिजवा, हे लक्षात ठेवा."

माणसाला कागदाची हवी ती बाजू वाचता येते. गंधालीने मागची वाचली.

आता प्रश्न उरला, करायचं कोणी. त्यावर सोहोन्यांकडे फार चर्चा झाली नाही.

"रत्नाताई," गंधाली गोड आवाजात म्हणाली, "ओजससाठी थोडं मांस कापावं लागेल. तुम्हाला सवय असेल ना."

"कसलं मांस?"

"बफ. म्हणजे... म्हशीचं."

रत्नप्रभाने लाटणं खाली ठेवलं. "वैनी, आमच्या घरात बडं कधी आणलेलं नाय. आजवर हात लावलेला नाय."

"पण तुम्ही नॉनव्हेज खाता ना?"

"तुम्ही व्हेज खाता ना? मग कडूनिंबाची भाजी करता काय?"

काकू दिवाणखान्यात जप करीत होत्या. त्यांची माळ थांबली.

गंधालीने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "जबरदस्ती नाही हो. पण मग आम्हाला कोणीतरी दुसरी बघावी लागेल, जी दोन्ही करेल. दोन-दोन बायका परवडत नाहीत, आणि आईंना घरात गर्दी आवडत नाही."

किती सहज म्हणाली. जसं काही भांड्यांचा साबण बदलायचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना रत्नप्रभाने धाकूला सांगितलं. धाकूने बशीतला चहा संपवला, मग हसायला लागला.

"काय हसतंस?"

"अकरा वर्षां तेंका बांगडो चालूक नाय, आणि आता बडा चालता?"

"औषध म्हणतत."

"मगे बांगडो काय इष होतो? उकडून घातल्यान असतो तर कुत्रो कधीच बरो झालो असतो."

"तां मी सांगूचा? तू आपला सांग, करू की नको?"

"तू खातंस काय? नाय मां? कुत्र्याक घालतंस. हॉस्पिटलात नर्सी काय काय करतत, घराक येवन जेवतत मां? कर. पण तेंच्या म्हणण्यार नको, डॉक्टराच्या म्हणण्यार कर. काय झाला तर तुझ्यार येवक नको."

म्हणून रत्नप्रभाने कागद मागून घेतला. दोन्ही बाजू वाचल्या, आणि तो धुण्याभांड्यांच्या ड्राय बाल्कनीतल्या खिळ्याला टांगला. वेगळी सुरी, वेगळा पाट. कच्च्याला हात लागला की साबणाने धुतल्याशिवाय नळालासुद्धा शिवायचं नाही. नळ कोपराने उघडायचा. वितळवायचं ते फ्रीजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात, बाहेर ठेवून नाही. कच्चं खाली, शिजलेलं वर. कुत्र्याने अर्ध्या तासात संपवलं नाही तर उरलेलं फेकायचं. भांडं गरम पाण्याने, रोज. शिजवलेलं हाड कधीही नाही.

हे सगळं ठीक होतं. अडलं ते फ्रीजपाशी.

"माझ्या फ्रीजमध्ये?" काकू म्हणाल्या. "जिथे देवाचं लोणी असतं तिथे?"

"आई, हवाबंद डब्यात ठेवू," अनय म्हणाला.

"हवा बंद होईल. म्हैस कुठे बंद होते?"

शेवटी अनयने माळ्यावरून पिकनिकचा बर्फाचा खोका काढला, निळा, मनोरीला जाताना थंड पेयं न्यायचा तो. खोका ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे. काकूंनी त्यावर गोमूत्र शिंपडलं. आतल्या म्हशीला त्याचं काय वाटलं असेल कोण जाणे. घरात त्याला 'औषध' म्हणायचं ठरलं.

रत्नप्रभाने खोका उघडून पाहिला, बंद केला. "दादा, यात मी साठवणार नाय. बर्फ वितळतो. रोजचं रोज आणा, पुढचं मी बघते."

आणि तिने बघितलं. पहिल्या दिवशी तोंडाला ओढणी बांधून, डोळे अर्धे मिटून. चौथ्या दिवशी नुसत्या मिटल्या ओठांनी. पंधराव्या दिवशी चरबी अशी सोलायची, की अनय बघत उभा राहायचा. कच्चं द्या म्हणून गंधाली रोज सांगायची, रोज फोनवर लांडगे दाखवायची. "वैनी, लांडग्याला मारायला एवढे लोक टपलेले असतात, तो शिजवणार कधी?" म्हणत रत्नप्रभा बाल्कनीतल्या छोट्या शेगडीवर पातेलं चढवायची. पुढे गंधालीने वाद घातला, तेव्हा रोज निम्मं कच्चं आणि निम्मं शिजवलेलं, असं ठरलं. कच्चं म्हणजे सकाळी दुकानातून आणलेलं, लगेच कापून, लगेच वाटीत. अर्ध्या तासाने वाटी उचलायची. ओजस पाच मिनिटांत वाटी चाटून पुसून ठेवायचा. सहाव्या आठवड्यात खाज थांबली आणि पोटावर केस उगवले. गंधालीने ग्रुपवर फोटो टाकले. त्याखाली लिहिलं, 'कच्च्याची कमाल.'

नवरात्र आलं. सोहोन्यांकडे घट बसले. रत्नप्रभाने शेवटच्या चार दिवसांची रजा घेतली होती, कणकवलीजवळ गावच्या देवीसाठी. निघताना तिने तिघांना समोर उभं करून सांगितलं, "रोजचं रोज आणा. खोक्यात ठेवू नका. नाय जमलं तर डॉक्टरबाईंना फोन करा."

"हो हो, रत्नाताई, तुम्ही निवांत जा."

ती गेली. दुकान लांब, अनयला मीटिंगा. त्याने चार दिवसांचं एकदम मागवलं आणि खोक्यात भरलं. त्याच संध्याकाळी काकूंच्या लक्षात आलं, की ड्राय बाल्कनीची भिंत म्हणजे देवघराचीच मागची भिंत. घट बसलेले असताना भिंतीला लागून म्हैस? त्यांनी खोका उंबऱ्याबाहेर ठेवायला लावला, पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी. ऑक्टोबर महिना. पॅसेजमध्ये पंखा नाही, खिडकी नाही. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर समोरच्यांनी विचारलं, 'मजल्यावर उंदीर मेलाय का?' सेक्रेटरीने औषध मारणारा माणूस पाठवला. त्याने कोपऱ्याकोपऱ्यात पावडर टाकली, निळा खोका नम्रपणे जरा बाजूला सरकवला, आणि गेला.

दसऱ्याला गंधालीने शेवटचा वाटा काढायला खोका उघडला. नाक मुरडलं. मग तिला आठवलं, ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, की लांडगे चार दिवसांची शिकारसुद्धा खातात. तिने वाटी भरली.

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभा देवीचा प्रसाद घेऊन दारात आली. हात पुढे केले. काकू दारात नव्हत्या. गंधाली होती, रडून डोळे सुजलेले.

"ओजस दवाखान्यात आहे. काल रात्रीपासून उलट्या, रक्त पडतंय. सलाइन लावलंय." आणि मग, दुसरीकडे बघत, "तुम्ही जाताना ती सुरी नीट धुतली नव्हती बहुतेक. पाटाला वास येत होता. रत्नाताई, राहू दे आता. तुमचं काय असेल ते अनय देईल. आम्ही दुसरी बघतोय."

अकरा वर्षं. प्रसादाची पुडी हातातच राहिली.

"सुरी मी उकळत्या पाण्यातून काढून टांगून गेले," ती म्हणाली. "ओज्या कुठे आहे? चौकातल्या दवाखान्यात?"

"तुम्ही कशाला..."

रत्नप्रभा जिना उतरून चालायला लागली होती. मागून गंधाली रिक्षा शोधत आली, पण दवाखान्यात पोचायला रत्नप्रभाला पाचच मिनिटं लागली.

आत बाकावर वसुधाकाकू बसल्या होत्या. नऊवारी, मांडीवर पर्स, एका बाजूला पिंजऱ्यातला पोपट, दुसऱ्या बाजूला टोपलीतलं मांजर. त्या दवाखान्यात त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांच्यासमोर टेबलावर ओजस पडला होता, पंजात सुई. रत्नप्रभाला पाहून त्याने शेपूट एकदा हलवलं. दुसऱ्यांदा जमलं नाही.

प्रांजल हातमोजे काढत होती. अनय कोपऱ्यात उभा. गंधाली धापा टाकत आत आली.

"आता खरं सांगा," प्रांजल म्हणाली, "हे विषबाधेचं आहे. मांस कुठे ठेवलं होतं?"

"बर्फात," अनय म्हणाला.

"बर्फ कधी बदलला?"

अनय पोपटाकडे बघायला लागला.

"कच्चं दिलं की शिजवून?"

"रत्नाताईच बघायच्या सगळं," गंधाली म्हणाली. "त्यांची सुरी..."

"मी चार दिवस गावाला होते, डॉक्टर," रत्नप्रभा म्हणाली. "आज आले. जाताना सांगून गेले, खोक्यात ठेवू नका. पण मी आता कामावर नाय. मघाशीच काढलं मला."

"काढलं?" काकूंनी मान वर केली. "कोणी?"

मांजराने जांभई दिली. गंधालीने डोळ्यांनी नवऱ्याला खुणावलं. म्हणजे हे इथेच मिटवावं, बाईवर टाकावं आणि घरी जावं. इतकं सोपं होतं ते. कोणी पाहिलेलं नव्हतं.

काकू उठल्या. पर्स काखेत धरली.

"खोका मी बाहेर ठेवायला लावला," त्या म्हणाल्या. "पॅसेजमध्ये. घट बसले होते म्हणून. तिसऱ्या दिवशी वास आला तेव्हा मला कळलं होतं तो कशाचा आहे. मी बोलले नाही. नवरात्रात त्याचं नावसुद्धा काढायचं नव्हतं मला." त्यांनी रत्नप्रभाकडे बोट केलं. "हिचा काही संबंध नाही."

"आई, अहो..." गंधाली म्हणाली.

"शिवलं ते शिवलं, गंधाली. आणि सडकं वाटीत घातलंस ते तू. तेही सांग डॉक्टरांना, म्हणजे त्या औषध नीट देतील."

गंधालीने सांगितलं. रडत, पण सांगितलं.

प्रांजलने कोणालाच सोडलं नाही. यापुढे कच्चं अजिबात नाही, पूर्ण शिजवूनच; बरा होईपर्यंत तर पेजेसारखं मऊ; आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून. आणि साठवायचं तर फ्रीजमध्ये, पिकनिकच्या खोक्यात नाही. तिने नवा कागद लिहून दिला. काकूंनी चष्मा लावून तो तिथेच, उभ्याने, मोठ्याने वाचला.

"वेगळी सुरी. वेगळा पाट. हात धुतल्याशिवाय कशाला शिवू नये. मध्येच उठल्यास पुन्हा धुवावेत. उरलेलं ठेवू नये. कच्च्या-शिजल्याची सरमिसळ नको." त्यांनी चष्मा खाली घेतला. "डॉक्टर, हे तर तुम्ही सोवळं लिहिलंय."

"मला त्यातलं काही कळत नाही, काकू. मी सगळं खाते."

"मग हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"जंतूंनी."

काकूंनी मान डोलावली, म्हणजे मूळ परंपरा कुठली ते त्यांना कळलं. "अनय, दुसरा फ्रीज घे. लहान. माझ्या फ्रीजमध्ये नाही म्हणजे नाही, पण दुसरा घे."

बाहेर दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी रत्नप्रभाला गाठलं.

"उद्या ये."

"वैनींनी राहू दे म्हणून सांगितलंय."

"तिला मी सांगते."

"त्यांना सांगा, नका सांगू, ते तुमच्या घरातलं." रत्नप्रभाने प्रसादाची पुडी पदराला बांधली. गाठ जरा जास्तच वेळ चालली. हे बोललं तर काम जाईल, हे तिला कळत होतं. न बोलता गेलं तर काम राहील, आणि उद्या सकाळी पुन्हा हात पुढे. "मी येते. ओज्याचं सगळं करते, कागदावर आहे तसं. पण त्या नव्या फ्रीजमध्ये माझा डबा राहणार. बुधवारचा."

"डब्यात काय असणार?"

"काकू, बुधवारी काय असतं?"

पार्ल्याचा रस्ता वाहत होता. काकू त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा रत्नप्रभाने त्यांना खोल श्वास न घेता उभं राहिलेलं पाहिलं.

"समोरच्यांना काय सांगायचं?"

"औषध सांगा. त्यांना सवय झालीय."

"उद्या ये," काकू पुन्हा म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. हे हो होतं की नाही, ते रत्नप्रभाला कळलं नाही. धाकूलाही कळलं नाही, तो म्हणाला, "जावन बघ. दुसरा काय करतलंस?"

ओजस पाचव्या दिवशी घरी आला, बारीक होऊन. ड्राय बाल्कनीत पांढरा शुभ्र लहान फ्रीज आला. गंधाली 'आदिम आहार परिवार' सोडून 'शिजवलेलं प्रेम' नावाच्या ग्रुपवर गेली. तिथेही सगळ्यांचे केस चमकत होते. रत्नप्रभाची माफी तिने मागितली नाही. फक्त एकदा स्वतःहून चहा करून बाल्कनीत आणून दिला. रत्नप्रभाने तो प्यायला. साखर विसरली होती.

आणि बाल्कनीच्या दारातही तशीच संगमरवरी पट्टी होती, तिच्या अलीकडे वसुधाकाकूंनी खुर्ची टाकली. गोळ्यांमुळे कच्च्याला हात लावायची त्यांना बंदी होती, पण बघायला नव्हती. ओजस त्यांच्या पायाशी. दोघंही पट्टीच्या पलीकडे जायचे नाहीत.

"हात!" काकू म्हणायच्या.

"धुतले."

"नळाला बोट लागलं. पुन्हा."

सबंध मुंबईत म्हशीचं मांस इतक्या कडक सोवळ्यात कुठे शिजत नसेल. तपासायला आलेल्या प्रांजलने पाट बघितला, सुरी बघितली, फ्रीजचं तापमान बघितलं आणि म्हणाली, "माझ्या दवाखान्यातसुद्धा इतकं स्वच्छ नाही." काकू "असू दे, असू दे" म्हणाल्या.

पहिला बुधवार असाच गेला; रत्नप्रभाचा धीर झाला नाही. दुसऱ्या बुधवारी तिने सकाळी बांगड्याचं तिखलं केलं, तिरफळं घालून, स्टीलच्या डब्यात भरलं, आणि पिशवी वॉचमनच्या केबिनमध्ये न ठेवता लिफ्टमध्ये घेतली.

दारात हात पुढे केले. काकूंनी श्वास घेतला. खोल. मग त्यांची नजर पिशवीवर गेली आणि तिथेच थांबली.

रत्नप्रभा दिवाणखाना ओलांडून बाल्कनीत गेली. मागून काकूंच्या पावलांचा आवाज आणि ओजसच्या नखांची टकटक. तिने फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात दोन दिवसांचं 'औषध' होतं, मधला रिकामा. तिने डबा मधल्या कप्प्यात ठेवला.

"तिथे नको," काकू म्हणाल्या.

झालं, रत्नप्रभाच्या मनात आलं. दहिसर. अर्धी खिडकी.

"वर ठेव. सगळ्यात वर. कच्चं खाली, शिजलेलं वर. कागदावर लिहिलंय ना स्पष्ट? उद्या म्हशीचं पाणी तुझ्या डब्यात ठिबकेल आणि तू आजारी पडशील, मग स्वयंपाक कोण करणार?"

रत्नप्रभाने डबा वर ठेवला.

"झाकण घट्ट आहे का?"

"आहे, काकू."

"दुपारी इथेच जेव, बाल्कनीत. खिडकी उघडून." काकू खुर्चीत टेकल्या. ओजस डब्याच्या दिशेने नाक लावून बसला होता, पंजे पट्टीच्या अलीकडे. "आणि याला देऊ नकोस हं त्यातलं. अजून आठ आठवडे पुरे व्हायचेत त्याचे."

"माझी अकरा वर्षं झाली पुरी," रत्नप्रभा म्हणाली, आणि साबण घेऊन कोपराने नळ उघडला.